पांढरी हगवण आणि रक्ती हगवण: एक अंड्यातून येते, दुसरी जमिनीतून

कोंबडीची पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात घोळक्याने उभी राहिली, खाणं सुटलं आणि शेपटीखालचा पिसारा घाण झाला की गावात एकच निदान होतं: हगवण लागली. मग दुकानातून मिळेल ती पुडी आणून पाण्यात कालवली जाते. कधी पिल्लं वाचतात, कधी रोज मरतात, आणि नेमकं काय चुकलं हे कळतच नाही. कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळे आजार खपून जातात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही आजार येण्याच्या वाटाच निराळ्या आहेत.

पांढरी हगवण साल्मोनेला पुलोरम या जीवाणूमुळे होते. तिची सुरुवात आपल्या शेडमध्ये होतच नाही. ती आईकडून येते. बाधित कोंबडी वरून धडधाकट दिसते, अंडी घालते, पण जंतू तिच्या बीजकोशात ठाण मांडून असतो आणि अंड्यात उतरतो. अशा अंड्यांतली काही पिल्लं कवचातच मरतात, काही अशक्त निघतात. बाहेर आलेलं एक बाधित पिल्लू उबवणी यंत्रातल्या उडत्या लवेबरोबर शेजारच्या निरोगी पिल्लांनाही जंतू वाटतं. म्हणूनच एकाच खेपेची पिल्लं पहिल्या काही दिवसांतच मरू लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मर शिगेला पोहोचते. विष्ठा चुन्याच्या निवळीसारखी पांढरी आणि चिकट असते. ती गुदद्वाराभोवती वाळून बसते आणि पिल्लू शी करताना कळवळून ओरडतं.

रक्ती हगवण जीवाणूची नव्हे. आयमेरिया नावाचे एकपेशीय परजीवी आतड्याच्या अस्तरात घुसून वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. कोंबडीत यांच्या सात जाती सापडतात. त्यातली टेनेला ही जात रक्त पाडण्यात सगळ्यात कुप्रसिद्ध. परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण ती लगेच बाधत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात. मग शेडमध्ये अंथरलेलं तूस चिवडताना पिल्लू ती टिपतं, आणि चार ते सात दिवसांनी त्याच्या विष्ठेतून हजारो नवी अंडी गादीत, म्हणजे त्या तुसाच्या थरात, पडतात. हे चक्र एक-दोनदा फिरल्याशिवाय आजार दिसण्याइतका जोर धरत नाही. त्यामुळे हा आजार बहुतेक वेळा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात भेटतो.

निदानाला मी रंगाआधी वय विचारतो. पाच दिवसांची पिल्लं मरत असतील तर ती रक्ती हगवण नव्हे. महिन्याची पिल्लं पावसाळ्यात झड लागल्यावर अचानक मलूल झाली, तर आधी गादीकडे बघावं. खरा घोळ तिसऱ्या आठवड्यात होतो, कारण तेव्हा एकीचं शेपूट आणि दुसरीचं तोंड एकमेकांना भिडतं. अशा वेळी ताजं मेलेलं पिल्लू पशुवैद्यकाकडून चिरून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. टेनेलाच्या बाधेत आतड्याच्या शेवटाकडच्या दोन पिशव्या रक्ताने गच्च भरलेल्या दिसतात. पुलोरममध्ये न जिरलेला पिवळा बलक आणि यकृतावर किंवा हृदयावर पांढरट ठिपके-गाठी सापडू शकतात, पण खात्री प्रयोगशाळेतच होते. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. तालुक्याच्या दवाखान्यातून नमुना तिकडे पाठवण्याची सोय विचारावी.

रंग फसवतो तो असा. लांबच्या प्रवासात गारठलेल्या किंवा ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत, ऊब कमी पडलेल्या पिल्लांच्याही ढुंगणाला पांढरी विष्ठा चिकटते. ती कोमट पाण्याने पुसून पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब दिली की बरीचशी सावरतात. तिथे जीवाणूनाशक देणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरीकडे, निरोगी कोंबडीही दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट, घाणेरड्या वासाची विष्ठा टाकते, आणि ती पाहून नवखा माणूस घाबरतो. शिवाय आयमेरियाच्या सगळ्याच जाती रक्त दाखवत नाहीत. काहींत फक्त पातळ विष्ठा होते आणि वाढ खुंटते.

रक्ती हगवणीवर अँप्रोलियम पाण्यातून देतात. ते परजीवीला ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराला, थायमिनला, मुकवून काम करतं. म्हणून त्याच पाण्यात ‘ताकदीसाठी’ बी-कॉम्प्लेक्स ओतू नये, एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. पुड्यांची तीव्रता वेगवेगळी असते, त्यामुळे मात्रा पुडीवर वाचून आणि डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. फिनेलच्या फवाऱ्याला परजीवीची अंडी दाद देत नाहीत. त्यांना मारतो तो कोरडेपणा आणि उष्णता, म्हणून दोन खेपांमध्ये काही जण फरशीवर फ्लेम गन (ज्योत फेकणारं यंत्र) फिरवतात. पिल्लं असताना काम एकच: पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढायचं आणि बाकीचं उलथवायचं. मूठभर तूस घट्ट दाबून सोडावं. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. मोकळ्या अंगणात खुडूक कोंबडीमागे फिरणारी पिल्लं थोडी थोडी बाधा घेत प्रतिकारशक्ती कमावतात. बंदिस्त शेडमधल्या दाटीत तेवढी उसंत मिळत नाही.

पांढऱ्या हगवणीत मात्र गादी कितीही कोरडी ठेवली तरी उशीर झालेला असतो. प्रतिजैविकाने मर कमी होते, पण जंतू जात नाही. वाचलेलं पिल्लू मोठं होऊन वाहक बनतं. तिथे उपाय खरेदीच्या वेळीच असतो: आई-बापाच्या कळपाची रक्तचाचणी होते का, हे पिल्लं घेण्याआधी हॅचरीला (उबवणी केंद्राला) विचारावं. बाजारच्या दिवशी हातगाडीवरून रंगीत पिल्लं आणणाऱ्याला हा प्रश्न विचारायला कोणीच सापडत नाही.

मेलेली पिल्लं दोन्ही आजारांत उकिरड्यावर फेकू नयेत. कुत्री आणि मुंगूस वासावर येतात, आणि एकदा वाट कळली की खुराड्यापर्यंत पोहोचतात. खोल खड्डा, वर चुना, वर माती. आणि पांढऱ्या हगवणीतून वाचलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर आल्या, तर त्यांची अंडी उबवायला बसवू नयेत.