कोर्टातली भाषा आणि भाषिक अल्पसंख्याक (ठाणे-नवी मुंबई)

ज्याची मातृभाषा राज्यात बहुसंख्यांची नाही अशा माणसाला पोलीस ठाणं, कोर्ट, जेल इथे आपलं म्हणणं नीट सांगता येतं का, आणि समोरचे आपल्याबद्दल काय बोलतायत ते कळतं का, याचा अभ्यास म्हणजे हा विषय. ऐकायला वकिलांचा वाटतो पण कोर्ट नाक्याला किंवा बेलापूरच्या कोर्टाबाहेर सकाळी अकराला तासभर उभं राहिलं की कळतं हा सगळ्यांचा आहे.

अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरतं, टी. एम. ए. पै केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००२ ला तसं सांगितलं, त्यामुळे देशात सगळ्यात जास्त बोलली जाणारी हिंदीसुद्धा महाराष्ट्रात अल्पसंख्याकांचीच भाषा होते. आपल्या जिल्ह्यात तर विचारूच नका, कोपरी आणि उल्हासनगरला सिंधी, भिवंडीत पद्मानगरकडे लूमवर आलेल्या घरांची तेलुगू, मुंब्रा-राबोडीत उर्दू, वाशी-नेरूळला मल्याळी-तमीळ, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्यांच्या आसपास भोजपुरी, बंगाली, उडिया सगळं ऐकू येतं. आणि शहापूर-मुरबाडकडे कातकरी, वारली, ठाकर यांच्या बोली. ही शेवटची माणसं बाहेरून आलेली नाहीत, इथलीच आहेत, आणि तरी त्यांची बोली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. १९९८ पासून आपल्याकडे खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, हायकोर्टाची कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी. मराठी आली हे योग्यच झालं, इंग्रजी नोटीस हातात घेऊन वाचून दाखवणारा शोधत फिरलेली आपलीच माणसं कमी नव्हती. पण म्हणूनच, न कळणाऱ्या भाषेत स्वतःची केस चालताना बघणं काय असतं हे आपल्याला दुसऱ्या कोणी समजवायची गरज नाही असं मला वाटतं. साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत झाली तर भर कोर्टात त्याला कळेल अशा भाषेत ती समजावून सांगितलीच पाहिजे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१४ आहे. दुभाष्याने खरंखरं भाषांतर करायचं बंधन कलम ३१७ मध्ये.

यातला सगळ्यात महत्त्वाचा जुना निकाल महाराष्ट्राचाच आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६२. नागपूरकडच्या माणसाला स्थानबद्ध केलं, म्हणजे खटला न चालवताच अटकेत ठेवलं, आणि कारणं दिली इंग्रजीत, तो म्हणाला मला हिंदीत द्या, दिली नाहीत, तोंडी समजावलंय असं सरकारचं म्हणणं. सुप्रीम कोर्ट म्हणालं तेवढं पुरत नाही, आणि त्याला सोडलं. पुढे १९८१ ला गुजराती सोडून काही न येणाऱ्या लल्लूभाई पटेलांच्या केसमध्येही कारणं ‘कळवली’ म्हणजे खरोखर समजली पाहिजेत हेच सांगितलं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका केसमध्ये, कोणत्याही अटकेत कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं. म्हणजे स्थानबद्धतेपुरतं होतं ते साध्या अटकेपर्यंत यायला साठ वर्षं गेली.

आता खरी अडचण. साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला तर जमलं तर त्याच भाषेत लिहून घ्यायचं, नाहीतर जागेवर खरं भाषांतर करायचं असं कलम ३१२ सांगतं, पण प्रत्यक्षात साक्षीदार हिंदीत बोलतो आणि कागदावर मराठी उतरतं, मग केस हायकोर्टात गेली की त्या मराठीचं इंग्रजी होतं, आणि वरचे न्यायमूर्ती जे वाचतात ते तिसऱ्या भाषेतलं असतं. हिंदी तर सगळ्यांना येते असं आपण धरून चालतो तिथेच घोळ होतो. ‘कल’ म्हणजे काल की उद्या हे वाक्याच्या शेवटावरून कळतं, घाईत ‘काल’ असं टाइप झालं तर तारीखच बदलली. ‘कमरा खाली था’ म्हणजे खोली रिकामी होती, खाली नव्हती. आणि ‘राजीनामा’ तर फारच धोक्याचा शब्द, आपल्याकडे नोकरी सोडण्याचा कागद, उत्तरेकडच्या माणसाच्या तोंडी दोन पार्ट्यांमधली तडजोड. ‘हमारा राजीनामा हुआ था’ असं लेबरच्या केसमध्ये कोणी बोललं आणि मराठीत राजीनामा तसाच राहिला तर त्या कामगाराची सगळी बाजूच उलटी होते. पोलिसांनी मराठीत लिहिलेल्या जबाबातही हेच होऊ शकतं, आणि तो उलटतपासणीत समोर आला की माणूस खोटा ठरतो, भाषांतर खोटं ठरत नाही.

अभ्यास करणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते कारण एकदा मराठीत उतरल्यावर कागदावर सगळेच मराठी बोलतात. ई-कोर्टच्या साइटवर केस नंबर, कलम, पुढची तारीख मिळते, पक्षकाराची भाषा कोणती ते तिथे बघायला मिळत नाही. जनगणनेचे आकडे घ्यावेत तर २०११ चे आहेत, तेव्हा ठाणे लोकसंख्येने देशातला सगळ्यात मोठा जिल्हा, १ कोटी १० लाखांच्या वर, पण त्यात अख्खं पालघर आहे जे १ ऑगस्ट २०१४ ला वेगळं झालं, म्हणून वारलीचा जुना जिल्ह्याचा आकडा आजच्या ठाण्याला लावला की गणित चुकलंच. शिवाय भोजपुरी हिंदीच्या खात्यात मोजतात, आणि आगरी बोलणारा स्वतः मातृभाषा मराठीच सांगतो.

या आगरीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. नवी मुंबईत १९७० ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आली, गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ ला जासईला आंदोलन करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडांचे कागद पुढे वर्षानुवर्षं चालले, आणि त्या सगळ्या नोटिसा सरकारी मराठीत. घरातली म्हातारी माणसं जी आगरी बोलतात तिथून ‘भूसंपादन निवाड्याविरुद्ध संदर्भ अर्ज’ इथपर्यंत अंतर फार मोठं आहे, पण मराठीच आहे ना म्हणून दुभाष्याचा प्रश्न कोणी काढतच नाही. कातकऱ्यांचंही तेच. बोलीला वेगळी भाषा मानायची की नाही हा वाद भाषावाल्यांनी घालावा, अभ्यासात फक्त एवढं बघावं की माणसाला कळलं का.

म्हणून फायलींपेक्षा मागच्या बाकावर बसणं जास्त उपयोगी. मी जिल्ह्यातल्या एका कोर्टात असा बसलो होतो, एका बाईला विचारलं समजलं का, ती हो म्हणाली, आणि बाहेर येऊन तिने शिपायाला विचारलं की मला घरी जायचंय की आत. ते अजून विसरता येत नाही. ‘समजलं का’ला सगळे हो म्हणतात, भीतीने म्हणतात, त्यामुळे मुलाखतीत ‘आता तुम्हाला कधी, कुठे जायचंय, सोबत काय आणायचंय’ असं विचारावं आणि त्यांच्या शब्दात सांगू द्यावं. तळोजासारख्या जेलमधून व्हिडिओ कॉलवर हजर केलेल्या माणसाचं तर अजून अवघड, तिथे आवाज तुटला की बोलणं हरवलं की भाषा कळली नाही हेही नोंदवावं लागतं. मुलाखतीची संमतीही वाचून दाखवायची, त्याच बोलीत, आणि ज्याची केस चालू आहे त्याचं नाव, कलम, तारीख काहीच छापायचं नाही.

दुभाषी कोण होतं हेही लिहून ठेवावं. बऱ्याचदा शेजारी, बरोबरचा कामगार, कधी तक्रार ज्याच्याविरुद्ध त्याचाच नातेवाईक, आणि शाळेत मराठी शिकलेलं पोर. आईला झालेल्या मारहाणीचं वर्णन दहा वर्षांच्या मुलीने साहेबांना मराठीत सांगायचं हे होऊच नये.

मोफत वकील १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे, बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक, औद्योगिक कामगार वगैरे, हेल्पलाइन १५१००. भाषा न येणं हे त्यातलं कारण नाही, आणि मिळालेल्या वकिलाला अशिलाची भाषा येईलच असंही नाही.

एका ठिकाणी मात्र रस्ता तयार आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं कलम ३८ मुलाची साक्ष नोंदवताना मानधन देऊन दुभाषी घ्यायची मुभा कोर्टाला देतं, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची यादी ठेवायची आहे. ठाण्यात काम सुरू करणाऱ्याने पहिलं तेच मागावं, त्यात तेलुगू, बंगाली आहे का, कातकरी आहे का, आणि त्यातला फोन लावला तर उचलतं का कोणी.