माटव : खांबांवरच्या छपराचा शब्द

घाटावर ज्याला मांडव म्हणतात, त्याला दक्षिण कोकणात आणि गोव्यात माटव म्हणतात. मूळ संस्कृत ‘मंडप’. माटवातला ‘ट’ मात्र कन्नडमधल्या ‘मंटप’च्या जवळचा आहे आणि कानडी मुलुखाचा शेजार पाहता त्यात नवल नाही. जुने पंडित ‘मंडप’ची फोड ‘मंड पिणारा’, म्हणजे पेज पिणारा, अशीही करून दाखवत. शास्त्रार्थाला ती ठीक. छपराशी तिचा काही संबंध नाही.

माटवाला भिंती नसतात आणि त्याचं आयुष्य एका हंगामाचं. पाऊस सरला की मालवणी माणूस खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, चोपून, सारवून घेतो आणि बेचक्याचे खांब दीड-दोन फूट खोल पुरतो. बेचक्याच्या खांबाला मेढ म्हणतात. ‘मुहूर्तमेढ’ आली ती लग्नमांडवाच्या याच पहिल्या खांबावरून. बेचक्यांत आडवे वासे, त्यांवर बांबू आणि वर नारळाच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, विणलेले झाप. चुडतं भिजवून मऊ करूनच विणायची. कोरडी विणली तर पाती दुमडताना फाटतात. मेढींचं बूड आधी जाळून काळं केलं नाही, तर वाळवी लागते.

छप्पर जवळजवळ सपाट असल्याने सावली भरपूर मिळते, पण पाणी वाहून जात नाही. म्हणून मृगाच्या आत माटव उतरवावाच लागतो. राहिला तर भिजून जड झालेल्या झापांनी वासे वाकतात आणि भिंती नसल्याने खालून शिरलेला वारा सगळं उचलतो. उतरवलेल्यांतले धड झाप घराच्या मातीच्या भिंतींना झडीपासून जपायला बांधत. आता बहुतेक खळ्यांवर पत्रा आला; शब्द तेवढा टिकला.

वेल चढवायच्या मांडवात सावली दुय्यम आणि आधार महत्त्वाचा. नाशिक-सांगलीकडे द्राक्षवेलींसाठी तारांचा मांडव घालतात तोही याच कामाचा.

गणपतीच्या डोक्यावरची माटवी, गोव्यातली माटोळी, म्हणजे धाकटा माटवच. लाकडी पट्ट्यांची चौकट आढ्याला टांगतात आणि तिला नारळ, शिपटं (सुपारीचे घोस), तवशी (काकड्या), कवंडळं ही रानफळं, हरणाची फुलं, आंब्याचे टाळ बांधतात. दोर केवणी या रानझुडपाच्या सालीचे. नारळ आणि तवशी पट्ट्यांच्या सांध्यांखालीच बांधायची. मध्ये बांधली तर पट्टी झोळ खाते आणि वजन मूर्तीच्या नेमकं वर येतं.