फुटलेल्या मंडळींचा वारसा

लेखक-दिग्दर्शकाची जमलेली जोडी फुटली की ठाण्याच्या प्रेक्षकाला ते गडकरी रंगायतनच्या तिकीटखिडकीवर पोहोचण्याआधीच कळलेले असते. रात्री एकाची पोस्ट, सकाळी दुसऱ्याचे उत्तर. दुपारच्या प्रयोगाला मेकअप करून बसलेल्या पोरांना मात्र फोनवर फोन येत असतात: तू कोणाच्या बाजूने? या पोरांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नसतो. मराठी रंगभूमीवर अशा फाटाफुटी शंभर वर्षांहून जास्त काळ चारचौघांत होत आल्या आहेत. त्या वेळी कसे वागायचे याचे दंडकही त्यांतूनच घडले. आज ते कोणाला सांगितले जात नाहीत, म्हणून ही उजळणी.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. पुढे १९११ मध्ये मंडळीतले प्रमुख नट नानासाहेब जोगळेकर वारले आणि मंडळीतली धुसफूस वाढली. १९१३ च्या जुलैमध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघे मालक, तिघेही कलावंत. ही भागीदारीही टिकली नाही. आधी टेंबे, मग बोडस वेगळे झाले. १९१८ मध्ये किर्लोस्कर मंडळीतूनच दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे निघाले आणि बळवंत संगीत मंडळी सुरू झाली. पाच वर्षांत एका घरातून दोन घरे निघाली.

या सगळ्यात ठाणेकरांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. आपल्या रंगायतनाला ज्यांचे नाव आहे त्या राम गणेश गडकऱ्यांचा 'पुण्यप्रभाव' किर्लोस्कर मंडळीने केला, 'एकच प्याला' गंधर्व मंडळीने आणि 'भावबंधन' बळवंतने. मूळची मंडळी आणि तिच्यातून फुटून निघालेल्या दोन्ही, अशा तिघींकडे एकाच लेखकाची नाटके होती. मालकांचे बिनसले म्हणून लेखकाने कोणा एकाचाच होऊन राहावे, अशी सक्ती तेव्हा चालली नाही. आज 'त्याच्याकडे काम केलेस तर माझ्याकडे येऊ नकोस' असे एकांकिका करणाऱ्या मुलामुलींना सुनावले जाते, ते मला म्हणूनच फार खटकते.

स्पर्धेतला सभ्यपणा तर त्याहून मोठा होता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. नायक धैर्यधर झाले ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले, नायिका भामिनी बालगंधर्व. दोघे आपापल्या मंडळीचे सर्वेसर्वा आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण त्या रात्री एकाच रंगमंचावर उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतरचे सर्वांत गाजलेले प्रकरण 'घाशीराम कोतवाल'चे. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डिसेंबर १९७२ मध्ये ते रंगभूमीवर आणले, वाद उसळला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या ज्येष्ठांनी ते थांबवले. नाटकात पन्नासच्या आसपास माणसे होती, बहुतेक तरुण. ती बाहेर पडली आणि १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन झाली. 'घाशीराम' पुन्हा उभे राहिले ते १९७४ मध्ये, नव्या संस्थेच्या नावावर. जुन्या संस्थेचे नाव लावून समांतर प्रयोग करण्याची पळवाट त्यांनी धरली नाही. भांडण कडू होते, पण प्रेक्षकाला तिकीट काढताना हे नाटक कोणाचे, असा संभ्रम पडला नाही.

त्याच सुमारास मुंबईत 'रंगायन' या नाट्यसंस्थेतून 'आविष्कार' ही दुसरी संस्था निघाली, १९७१ मध्ये. सिनेमात व्ही. शांताराम १९४२ मध्ये 'प्रभात' या चित्रपटसंस्थेतून बाहेर पडले आणि त्यांनी 'राजकमल' उभारले. त्याआधी 'प्रभात'साठी केलेले चित्रपट मात्र आजही 'प्रभात'चेच म्हणून ओळखले जातात.

भागीदारीचा स्वतंत्र कायदा किर्लोस्कर मंडळीतल्या फाटाफुटींच्या मागून आला. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदार बाहेर पडला किंवा भागीदारी संपली, तर जाहीर सूचना राजपत्रात आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. तशी सूचना दिली नाही, तर बाहेरच्या लोकांपुरती जुन्या भागीदाराची जबाबदारी चालूच राहते. म्हणजे वेगळे झाल्याचे जगाला सांगणे हे कर्तव्यच आहे. का वेगळे झालो, ते मात्र या सूचनेत सांगावे लागत नाही. माझ्या मते पोस्ट लिहितानाही हीच मर्यादा पाळावी.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाला आणखी एक हक्क देते: हक्क विकून टाकले तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा. त्यामुळे जाहिरातीतून लेखकाचे नाव गाळणे किंवा नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर त्यावर कोरा कागद डकवणे हा केवळ मनाचा कोतेपणा नाही, तो हक्कावर घाला आहे. रंगमंचावरच्या दिग्दर्शकाचा मात्र या कायद्यात कर्ता म्हणून वेगळा उल्लेख नाही. निम्मी भांडणे इथेच पेटतात: बसवलेले नाटक कोणाचे? कायदा गप्प आहे, म्हणून करारात लिहून घ्यावे लागते.

ठाण्यातल्या नि नवी मुंबईतल्या हौशी संस्थांची अडचण आणखी वेगळी. त्या बहुतेक भागीदारी नसतात. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या किंवा कुठेच न नोंदलेल्या. दोघे मित्र भांडले की संस्थेचे नाव, बँक खात्यावरच्या सह्या आणि गोदामातले नेपथ्य, तिन्ही अडकतात. वाशीच्या भावे नाट्यगृहाची तारीख हातात असते, तिकिटे गेलेली असतात, आणि नाईट, म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, कोण देणार हे कोणीच सांगत नाही. झळ बसते ती प्रकाशयोजना आणि बॅकस्टेज सांभाळणाऱ्यांना, ज्यांचे नाव कोणाच्याच पोस्टमध्ये नसते.

घेतलेल्या तारखांचे प्रयोग कोण करणार, जुन्या प्रयोगांच्या श्रेयनामावलीत नावे कशी राहणार, आणि तोवरची नाईट कोणाच्या खात्यातून जाणार, एवढे लिहायला अर्धा कागद पुरतो. पहिल्या वाचनाच्या दिवशी, सगळे हसतखेळत चहा पीत असतानाच, त्यावर सह्या घ्याव्यात. तालमी रंगल्यावर हा विषय काढला की संशयाचा वास येतो.