करंजतेल, नॅनोकण आणि ‘पर्यावरणपूरक’ शब्दाचा गुंता

पहिल्या महायुद्धात विमानांच्या रोटरी इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल वापरत. पुढे खनिज तेल स्वस्त झालं आणि वनस्पतितेलं मागे पडली. नागपुरात तेलतंत्रज्ञान शिकवणारी संस्था १९४२ पासून आहे आणि करंज तर रस्त्याच्या कडेला उभा आहे. तरी करंजतेल इंजिनात जायला अडचण रसायनाचीच. त्यातले दुहेरी बंध तापल्या इंजिनात हवेशी जुळतात, तेल दाटतं, गोंदासारखा चिकटा धरतो. तेलातल्या मेदाम्लांची वेगळ्या अल्कोहोलाशी जोडणी करून, म्हणजे नवं एस्टर बनवून, यातलं काही अंशी सावरता येतं.

झीज रोखायला १९४०च्या दशकापासून झिंक-फॉस्फरसचं संयुग आहेच. पण त्यातला फॉस्फरस गाडीच्या धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून पर्याय शोधणं आलं. १९९२ मध्ये टंगस्टन डायसल्फाइडचे कांद्यासारखे पापुद्र्यांचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, सापडले, २००४ नंतर ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा, आलं. असे कण तेलात घातले की झीज किती घटते हे पाहायला प्रयोगशाळेत त्या तेलात १२.७ मिमी व्यासाच्या चार पोलादी गोळ्या ७५ अंशांवर तासभर घासतात आणि पडलेला व्रण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. व्रण लहान झाला की सगळे खूश. तेच तेल बाटलीत भरून काही दिवस फळीवर ठेवलं, तर तळाशी कणांचा करडा थर बसलेला दिसतो. त्यावर कणांना ओलेइक आम्लाचा, म्हणजे वनस्पतितेलातल्याच एका मेदाम्लाचा, लेप हा नेहमीचा तोडगा. तो इंजिनाच्या उष्णतेत किती टिकतो, याची चर्चा मात्र त्या मानाने कमी.

खरा घोळ ‘पर्यावरणपूरक’ या शब्दात आहे. युरोपच्या २०१६च्या मानकात जैववंगणासाठी किमान २५ टक्के जैव, म्हणजे खनिज तेलातून न आलेला, कार्बन लागतो आणि तेल २८ दिवसांत ६० टक्के विघटित व्हावं लागतं. ही चाचणी सेंद्रिय कार्बनाची. वंगणात घालतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणात कार्बनच नाही, मग जिवाणूंनी खायचं काय? कण चाचणीत मोजलेच जात नाहीत. तेल पास होतं आणि त्याच शिक्क्याखाली कणही निघून जातात. मला हा शब्दच्छल वाटतो. ज्या कणांमुळे झीज घटते त्यांचं शेवटी काय होतं, हे विचारल्याशिवाय तो शब्द डब्यावर छापूच नये.

देशात वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. गॅरेजात मात्र ड्रेन प्लग उघडला की खनिज, करंज, नॅनोवालं, सगळंच काळं तेल एकाच कॅनमध्ये जातं.