रीचचा पाडाव: तारीख एक, दिवस दोन

‘हेलो’ या विज्ञानकथेच्या गेममालिकेतला रीच हा ग्रह कधी पडला, असं तिच्या कुठल्याही जुन्या चाहत्याला विचारा. ३० ऑगस्ट २५५२, हे उत्तर तोंडपाठ असतं. गेली दोन दशकं ही तारीख बदललेली नाही. बदललं ते त्या तारखेच्या आतलं सगळं: त्या दिवशी कोण कुठे होतं, लढाई सुरू होऊन किती तास झाले होते की किती आठवडे, आणि ‘ऑटम’ हे माणसांचं अवकाशजहाज आकाशात होतं की जमिनीवर. या मालिकेत कालक्रमाच्या गाठी बऱ्याच आहेत, पण इतकी घट्ट बसलेली दुसरी नाही.

सुरुवात २००१ ची. पहिला गेम त्या वर्षी १५ नोव्हेंबरला आला आणि रीचच्या पाडावाची कादंबरी त्याच्या दोन आठवडे आधी. लेखकाला ती लिहायला जेमतेम सात आठवडे मिळाले होते. गेम सुरू होतो तेव्हा रीच संपलेला असतो. ऑटम तिथून निसटून अंतराळातल्या एका प्राचीन, महाकाय वलयापाशी पोचलेलं असतं आणि रीचचा उल्लेख येतो तो ओझरता. त्यामुळे रीचवर काय घडलं हे सांगण्याचं काम पूर्णपणे पुस्तकावर पडलं आणि पुढची नऊ वर्षं चाहत्यांच्या मनातला रीच हा पुस्तकातलाच रीच होता.

पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर लष्करी पद्धतीने वेळ, तारीख आणि ठिकाण दिलेलं असतं. हा बारकावा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं भांडण याच मथळ्यांवर उभं आहे. ३० ऑगस्टला एप्सिलॉन एरिडानी ताऱ्याच्या हद्दीवरच्या एका टेहळणी चौकीला काहीतरी प्रचंड येताना दिसतं. आधी वाटतं, यंत्राची चूक असेल. मग कळतं की परग्रहवासी शत्रूचा तीनशेहून जास्त जहाजांचा ताफा आहे. ऑटम तेव्हा मालिकेचा नायक चीफ आणि त्याचे साथीदार, म्हणजे स्पार्टन नावाचे खास घडवलेले महासैनिक, यांना घेऊन वेगळ्याच मोहिमेवर निघालेलं असतं. शत्रूचा एक धर्मगुरू जिवंत पकडून आणायचा, अशी ती मोहीम. बातमी कळताच जहाज मागे वळतं. कक्षेत २० महातोफा आहेत आणि त्यांना वीज पुरवणारी जनित्रं जमिनीवर आहेत. बहुतेक स्पार्टन जनित्रं राखायला खाली उतरतात. चीफ दोघांना घेऊन अंतराळ तळावर जातो, तिथल्या एका जहाजातली दिशादर्शक माहिती नष्ट करायला. दिवस संपायच्या आत तोफा गप्प होतात, ग्रह हातचा जातो आणि ऑटम आंधळी उडी घेऊन निघून जातं.

सगळं एका दिवसात. माणसाच्या सगळ्यात मजबूत लष्करी ग्रहावर सकाळी कुणाला कल्पना नव्हती आणि रात्री तो उरला नव्हता. त्या पुस्तकाची भीती या एका दिवसाच्या धक्क्यात आहे.

तारखांची पहिली दुरुस्ती २००३ मध्येच करावी लागली होती, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. पहिला गेम २२ सप्टेंबर २५५२ ला संपतो. पुढच्या कादंबरीत चीफ रीचवर परततो आणि तिथे अडकलेल्या साथीदारांना सोडवतो. पण मधले जवळजवळ साडेतीन आठवडे ते लोक शत्रूच्या वेढ्यात जगले कसे? यावर उपाय म्हणून रीचच्या पोटात एक प्राचीन स्फटिक ठेवला गेला. तो अवकाश आणि काळ वाकवतो. त्याच्या प्रभावाने चीफचं जहाज २२ सप्टेंबरनंतर निघून ७ सप्टेंबरला रीचवर पोचतं. त्या पुस्तकातले मथळेसुद्धा तारखेच्या नोंदीत बिघाड असल्याचं कबूल करतात. उपाय ओढूनताणून आणलेला आहे, तरी मला तो प्रामाणिक वाटतो. अडचण लपवली नाही, तिलाच कथेत जागा दिली.

मग २०१० चा सप्टेंबर आला आणि मूळ स्टुडिओने हेलोला निरोप देताना खास रीचवर गेम काढला. त्यातली पहिली कामगिरी २४ जुलै २५५२ ची. दूरसंचार केंद्र बंद पडलंय, बंडखोरांचा हात असावा म्हणून नोबल हे स्पार्टनांचं पथक तपासाला जातं आणि समोर उभा राहतो तो खरा शत्रू. २६ जुलैला स्वोर्ड बेस या तळावरची लढाई. ऑगस्टच्या १२ तारखेला जमिनीवरचा मोठा प्रतिहल्ला. १४ ला शत्रूचं एक महाकाय जहाज अवकाशउडीच्या यंत्राचा बॉम्ब करून उडवलं जातं आणि काही क्षणांतच त्याहून मोठा ताफा येऊन उभा राहतो. २३ ला न्यू अलेक्झांड्रिया शहर जळतं. ३० ला सगळं संपतं.

म्हणजे एका दिवसाचे पाच आठवडे झाले.

फक्त लांबी वाढली असती तर कुणी फारसं बोललं नसतं. खरा घोटाळा २९ ऑगस्टचा आहे आणि तो दोन चित्रं शेजारी ठेवली की डोळ्यांत भरतो. पुस्तकात त्या दिवशी चीफ रीचवरच्या एका सरावाच्या मैदानात नवं मार्क पाच चिलखत पहिल्यांदा घालून चाचणी देतोय. कोर्टाना ही कृत्रिम बुद्धिमत्ता पहिल्यांदाच त्याच्या चिलखतात आहे. वाटेत भूसुरुंग आहेत, आपल्याच बाजूचे सैनिक त्याच्यावर गोळ्या झाडतायत, एक विमान क्षेपणास्त्र सोडतं. शेवटी टोकाला टांगलेली घंटा वाजवायची आहे आणि तो ती वाजवतो. गेममध्ये त्याच दिवशी, त्याच ग्रहावर नोबल पथक स्वोर्ड बेसच्या ढिगाऱ्यातून वाट काढत स्पार्टन घडवणाऱ्या शास्त्रज्ञ डॉ. हॅल्सीच्या भूमिगत प्रयोगशाळेत पोचतं. तिथे कोर्टाना तिच्याजवळ आहे आणि बाहेर शत्रूचा वर्षाव चालू आहे. एक मोठं शहर जळून सहा दिवस झालेत. एकीकडे सरावाची घंटा, दुसरीकडे राख.

कोर्टाना दोन ठिकाणी कशी, याचं उत्तर मिळालं: तिचा एक अंश वेगळा काढला होता, हॅल्सीकडे होता तो हा अंश. चिलखतांचाही प्रश्न आला. पुस्तकात ऊर्जाकवच असलेलं मार्क पाच म्हणजे अगदी नवी गोष्ट, पण गेममध्ये नोबल पथक जुलैपासून ते वापरतंय. तेव्हा ती आधीची आवृत्ती ठरली. ‘मार्क पाच’पुढे कंसातला ‘बी’ तेवढ्यासाठीच कामाला आला, असं माझं मत आहे. नोबलमधला जॉर्ज हा दुसऱ्या पिढीचा स्पार्टन त्या पिढीच्या शेवटच्या मेळाव्याला का नव्हता, तर त्याची नेमणूक वेगळी होती. तिसऱ्या पिढीच्या स्पार्टनांची माहिती हॅल्सीला उशिरा कळते, असं २००६ च्या कादंबरीत होतं. इथे ती त्यांच्याशी समोरासमोर बोलते. यावर उतारा म्हणून गेमच्या महागड्या आवृत्त्यांसोबत हॅल्सीची खासगी वही दिली गेली. कागद मुद्दाम जुने केलेले, मध्ये घडी घातलेली कागदपत्रं, समासात टिपणं. तिला बऱ्याच गोष्टींचा आधीच संशय होता, हे त्या वहीवरून कळतं. वस्तू म्हणून ती वही फार सुंदर आहे, आणि मी ती आजही काढून वाचतो. पण त्याच वेळी ती फाटलेल्या कपड्यावरचं ठिगळही आहे.

एका गोष्टीला मात्र ठिगळ नीट बसलं नाही. ऑटमचं काय? पुस्तकात ३० तारखेला ते ग्रहमालेच्या काठावरून परततं. गेममध्ये ते असॉडच्या जहाजतोडणीच्या आवारात जमिनीवर उभं आहे, आणि जहाजाचा कॅप्टन कीज स्वतः खाली येऊन कोर्टानाचा अंश हातात घेतो. दोन्ही खरं मानायचं तर जहाज लढाईच्या मध्येच खाली उतरून पुन्हा वर गेलं, असं जुळवावं लागतं. तासांचं गणित करून चाहत्यांनी तेही जुळवलंय. चिकाटीने केलेलं काम आहे, पण पुस्तकात या उतरण्याचा मागमूस नाही.

आता ‘पाडाव’ या शब्दाबद्दल, कारण अर्धा वाद इथेच अडकतो. इंग्रजीतल्या ‘फॉल’ने मोठा गोंधळ घातलाय. कुणी त्याचा अर्थ पूर्ण युद्ध असा घेतो, कुणी शेवटचा क्षण. मराठीत आपल्याला वेगळे शब्द सहज सुचतात. वेढा महिनोन्‌महिने चालतो, गड मात्र एका दिवशी पडतो. दरवाजा फुटला, निशाण उतरलं, की गड पडला. त्याआधीच्या लढाईला कुणी पाडाव म्हणत नाही. या नजरेने पाहिलं तर ३० ऑगस्ट ही गड पडल्याची तारीख आहे आणि २४ जुलै ही वेढ्याच्या सुरुवातीची. दोन्ही एकत्र राहू शकतात. अधिकृत खुलाशांनी पुढे साधारण हीच वाट धरली: जुलैतल्या लढाया ग्रहाच्या एका भागापुरत्या होत्या आणि मुख्य ताफा ३० तारखेला आला.

इथपर्यंत मला पटतं. माझी हरकत पुढच्या पायरीवर आहे. वेढा पडलेल्या गडातल्या लोकांना वेढा पडलाय हे कळतं. पुस्तकातल्या रीचला ते माहीत नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथले सेनाधिकारी शांतपणे मोहीम आखतात, स्पार्टन जमवतात, चिलखतं तपासतात. ही शांतता टिकवायची तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गुप्तता. संपर्क तोडले होते, गुप्तचर विभागाने बातमी दाबून ठेवली होती, म्हणून वरच्यांना माहीत नव्हतं किंवा माहीत असून ते बोलले नाहीत. ज्या ग्रहाची लोकसंख्या अधिकृत माहितीत ७० कोटी आहे, तिथे एक महानगर जळालं आणि आठवडाभर कीजसारख्या कॅप्टनला पत्ता नाही?

घटना जुळवण्याच्या नादात पात्रांचे स्वभाव बदलले, ही माझी खरी तक्रार आहे. गाफीलपणे गाठल्या गेलेल्या माणसांची गोष्ट आता फसवल्या गेलेल्या माणसांची गोष्ट झाली. पुस्तकात कीज वेळेवर मागे वळणारा अधिकारी आहे. खुलासे जोडून वाचलं की तो एकतर थापा मारणारा ठरतो किंवा स्वतःच्या तळावर काय चाललंय हे न कळलेला. ३० ऑगस्टचा धक्का ज्यांनी २००१ मध्ये अनुभवला, त्यांच्या हातून तो काढून घेतला गेला.

गेमची बाजूही मला कळते. एका दिवसाच्या अवकाशयुद्धात आठ-दहा तासांचा जमिनीवरचा खेळ बसत नाही. एकेक साथीदार गमावत जायचं आणि शेवटी आपणही उरायचं नाही, यासाठी दिवस लागतात, हवा बदलावी लागते, ओळखीचं आकाश काळं पडावं लागतं. ‘लोन वुल्फ’ या शेवटच्या कामगिरीत जिंकणं शक्य नाही. शत्रू येतच राहतात, शिरस्त्राणाच्या काचेला तडे जातात, आणि खेळणाऱ्याला कळतं की आता फक्त किती वेळ टिकायचं एवढंच आपल्या हातात आहे. पाच आठवडे ओढल्याशिवाय हा शेवट इतका जड झाला नसता. म्हणून गेमने तारखा मोडल्या याचं मला वाईट वाटत नाही. दोन्हींना बळजबरीने एकच इतिहास ठरवण्याचा हट्ट चुकला. दोन बखरी एकाच लढाईबद्दल वेगळं सांगतात आणि आपण दोन्ही जपतो. तसंच इथेही करता आलं असतं.

२०१० मध्येच कादंबरीची नवी आवृत्ती काही दुरुस्त्यांसह आणि मागे जोडलेल्या नव्या मजकुरासह निघाली. एका दिवसाचा मूळ आराखडा तिनेही मोडला नाही. आज दुकानात पुस्तक आणि गेम दोन्ही मिळतात, दोन्ही अधिकृत आहेत, आणि दोघांचं २९ ऑगस्टला पटत नाही.

सुमारे एक लाख वर्षं मागचा प्राचीन इतिहासही २०११ पासूनच्या कादंबऱ्यांनी हलवला. वलयं बांधणारे आणि माणसं एकच की वेगळी, या प्रश्नाचं पहिल्या तीन गेममधून निघणारं उत्तर आणि नंतरचं उत्तर यांत मोठं अंतर आहे. पण तो इतका लांबचा काळ आहे की तिथे तारखांचा टकराव कुणाला टोचत नाही. रीच टोचतो, कारण तिथे आपण स्वतः होतो.

त्यानंतर रीचकडे सगळेच परत गेले. २०१५ मध्ये कादंबरीवरून ॲनिमेशनपट आला, पण तो स्पार्टनांच्या बालपणाशी आणि पहिल्या लढायांशी थांबला, पाडावापर्यंत गेलाच नाही. २०२० च्या कादंबरीत चीफ आणि साथीदार २५५९ मधल्या उद्ध्वस्त रीचवर उतरले. २०२१ च्या अखेरीस आलेल्या गेमचा ऑनलाइन खेळाचा पहिला हंगामच रीचच्या वीरांच्या नावाने होता आणि नोबलची चिलखतं तिथे पुन्हा घालता आली. मग २०२२ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली आणि तिच्यासाठी मालकांनी तोवर न केलेली गोष्ट केली. हा वेगळा कालप्रवाह आहे असं उघड जाहीर केलं आणि त्याला ‘सिल्व्हर’ हे नाव दिलं. २०२४ च्या दुसऱ्या पर्वात तिथेही रीच पडला, आपल्या पद्धतीने. मालिकेवर टीका पुष्कळ झाली आणि त्यातली बरीच रास्त होती. तरी कालप्रवाह वेगळा करण्याचा हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. २०१० मध्ये तो घेतला असता तर कीजला कुणी खोटारडा म्हटलं नसतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या गेमची नव्याने घडवलेली आवृत्ती जाहीर झाली. तिच्यात मूळ कथेच्या आधी घडणारी तीन नवी मिशन आहेत, चीफ आणि सार्जंट जॉन्सन यांची. त्यांतलं पहिलं मिशन सुरू झालं की मी सगळ्यात आधी तारीख शोधणार आहे.