सागवान लागवडीच्या जागी पुन्हा मिश्र जंगल: सामूहिक वनसंसाधन हक्काचा दावा कसा करावा

विदर्भातील अनेक गावांच्या शिवेलगतचे मिश्र जंगल तोडून तेथे एकट्या सागाची लागवड झाली. ही जागा आता वनविकास महामंडळाची आहे, असे समजून ग्रामसभा ती दाव्याच्या नकाशातून वगळतात आणि सर्वांत मोठी चूक येथेच होते. व्यवस्थापन कोणाकडेही असले तरी अशा जमिनीचा कायदेशीर दर्जा वनजमिनीचाच राहतो. वनहक्क अधिनियम, 2006 च्या कलम 3(1)(झ) मधील सामूहिक वनसंसाधनाचे, म्हणजे गाव परंपरेने सामायिकपणे वापरत आलेल्या जंगलाचे, संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क, ती जमीन गावाच्या परंपरागत सीमेत येत असल्यास, तिलाही लागू होतो.

हा दावा व्यक्तीने नव्हे, तर ग्रामसभेने करायचा असतो. गावात अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासींची मोजकी कुटुंबे असली तरी ते पुरेसे आहे. मात्र इतर पारंपरिक वननिवासींच्या बाबतीत 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य आवश्यक ठरते. ग्रामसभा 10 ते 15 सदस्यांची वनहक्क समिती निवडते आणि त्यांत किमान एकतृतीयांश महिला असाव्या लागतात.

दाव्याचा नमुना 'क' (इंग्रजीत Form C) विनामूल्य मिळतो. त्यासोबत ग्रामसभा सदस्यांची यादी, सीमेलगतच्या गावांची नावे, कक्ष (वन विभागाने जंगलाचा आखलेला भाग) क्रमांक दाखवणारा नकाशा आणि एकाहून अधिक पुरावे जोडावेत. निस्तारपत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची नोंद), जुनी कार्य आयोजना (वन विभागाचा जंगल व्यवस्थापनाचा आराखडा), जमाबंदीचे अभिलेख आणि दावेदारांखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे सर्व पुरावे ग्राह्य आहेत. शेजारच्या गावातील एखाद्या वृद्धेने 'लागवडीपूर्वी या कक्षात आम्ही मोह वेचायला यायचो' असे सांगितले, तर तो जबाब जरूर नोंदवून घ्यावा. स्थळपडताळणीची सूचना वन विभागाला आधी द्यावी लागते. त्या दिवशी सागाच्या ओळींमधून सावकाश चालावे: जुन्या खुंटांवरचे धुमारे, मुळांतून वर आलेली तेंदूची रोपे, देवस्थान, स्मशान, नाल्याकाठची चराईची वाट हे सारे नकाशावर उतरवावे, कारण याच खुणा पुढे पुनर्निर्माणाचाही आधार ठरतात.

ठरावाच्या सभेला ग्रामसभेच्या किमान निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि उपस्थितांत किमान एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. ठराव उपविभागस्तरीय समितीकडे व तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. विशिष्ट कागदच हवा असा आग्रह धरून दावा नाकारता येत नाही. नाकारल्यास कारणे लेखी द्यावी लागतात. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागस्तरीय समितीकडे आणि त्या समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे 60 दिवसांत दाद मागता येते.

अधिकारपत्र मिळाले म्हणजे साग तोडण्याची मुभा मिळाली, असे नाही. इमारती लाकूड गौण वनोपजात (तेंदू, मोह, बांबू यांसारख्या उत्पादनांत) येत नाही, त्यामुळे विरळणीसाठी, म्हणजे दाटीतली काही झाडे काढण्यासाठी, वन विभागाची रीतसर प्रक्रिया पाळावीच लागते. ग्रामसभेच्या समितीने संवर्धन व व्यवस्थापन आराखडा तयार करून तो विभागाच्या कार्य आयोजनेशी जोडावा, असे नियमांत म्हटले आहे. माझ्या मते आराखड्याचे पहिले काम रोपे लावण्याचे नसावे. आग आणि अतिचराई रोखून, घाणेरीची (लँटाना) झुडपे काढून, आधीच उगवू पाहणाऱ्या ऐन, मोह, तेंदू, चारोळीला दोन-तीन पावसाळे मोकळे वाढू द्यावे आणि जेथे काहीच फुटत नाही, तेथेच गावच्या जंगलातले बी पेरावे.