पाइपची जाडी मोजली, पण कुठे?

रिफायनरी किंवा रासायनिक कारखाना पाहायला गेलेल्या माणसाची नजर आधी उंच कॉलमांवर जाते, मग भट्ट्यांवर, मग टाक्यांवर. या सगळ्यांना जोडणारे मैलोन् मैल पाइप त्याला नुसता पसारा वाटतो. तपासणीच्या नियमांनीही बराच काळ तेच केलं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने (एपीआय) प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाबाखालच्या भांड्यांच्या, तपासणीची संहिता, एपीआय ५१०, १९५८ मध्ये काढली. चालू कारखान्यातल्या पाइपांसाठीची एपीआय ५७० आली ती थेट १९९३ मध्ये. मधली ३५ वर्षं पाइप तपासले जात नव्हते असं नाही, पण कुठे, किती आणि कधी तपासायचं हे बहुतेक ज्याच्या त्याच्या अनुभवावर सोडलेलं होतं.

याचं मूळ बॉयलरमध्ये आहे. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉक्टन गावी एका बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. अशा स्फोटांच्या धसक्यातूनच दहा वर्षांत बॉयलरची संहिता तयार झाली. दाबाखालचं मोठं भांडं धोक्याचं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं. पाइपांसाठी संहिता बनवण्याचा बी३१ हा प्रकल्प १९२६ मध्ये सुरू झाला आणि पहिला मसुदा १९३५ मध्ये आला. पण त्यात होतं ते नवा पाइप कसा बांधायचा याचं. वीस वर्षं चाललेला पाइप अजून ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न वेगळा होता आणि त्याला कोणी वाली नव्हता.

हत्यारं तेव्हा साधी होती. हातोडीने पाइप ठोकायचा आणि आवाजावरून अंदाज बांधायचा. संशय आला तर भोक पाडून जाडी मोजायची आणि भोक बुजवायचं. आणखी एक युक्ती मला फार हुशारीची वाटते. पाइपला बाहेरून बारीक भोकं अर्धवट खोलीपर्यंत पाडून ठेवायची. आतून गंज खात खात त्या भोकापर्यंत पोचला की तिथून थेंब ठिबकायला लागे आणि पाइप स्वतःच वर्दी देई. अर्थात आत काय वाहतंय यावर ती वर्दी परवडायची की नाही ते ठरे.

खरा बदल ध्वनिलहरींनी केला. मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांना ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून धातूतले दोष शोधण्याच्या उपकरणाचं पेटंट १९४२ मध्ये मिळालं. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट वेळ लागतो. एवढा बारीक वेळ खिशात मावणाऱ्या यंत्राने मोजता यायला लागल्यावर भोकं पाडायची गरज उरली नाही. पाइप चालू असताना, बाहेरून, एकाच बाजूने जाडी घेता येऊ लागली. यात एक खोच मात्र आहे. तापलेल्या पोलादात ध्वनी हळू चालतो. थंड पोलादावर जुळवलेलं यंत्र तसंच गरम पाइपवर लावलं तर ते दर ५५ अंश सेल्सिअसमागे साधारण एक टक्का जास्त जाडी दाखवतं. पाइप आहे त्यापेक्षा धडधाकट दिसतो.

जाडी हातात आली की पुढचं गणित शाळेतलं. पाइप बसवला तेव्हा ७.१ मिमी होता, दहा वर्षांनी ५.१ भरला, म्हणजे वर्षाला ०.२ मिमी झिजला. दाब पेलायला किमान ३.१ मिमी हवेत, तर दहा वर्षं हातात आहेत. नियम सांगतो, उरलेल्या आयुष्याच्या निम्म्यावर पुन्हा तपासा. म्हणजे पाच वर्षांनी. या हिशेबात एक गृहीत दडलेलं आहे: जिथे मोजलं तिथे जी झीज, तीच आसपासही. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या जागेवरून अख्ख्या लाइनचं भविष्य सांगायचं.

ते गृहीत एकामागून एक एल्बोंनी, म्हणजे पाइपला वळण देणाऱ्या जोडांनी, खोटं पाडलं. ९ डिसेंबर १९८६ रोजी व्हर्जिनियातल्या सरी अणुवीज केंद्रात १८ इंची फीडवॉटर लाइनचा (वाफ करण्यासाठी पाणी नेणाऱ्या पाइपचा) एल्बो फुटला आणि चार कामगार दगावले. वेगाने वळणाऱ्या गरम पाण्याने पोलादावरचा संरक्षक थर विरघळवत नेला होता. ५ मे १९८८ रोजी लुईझियानातल्या नॉर्को रिफायनरीत आतून गंजलेला एल्बो फुटून वायूचा ढग पेटला, सात जण गेले. पाच वर्षांनी आलेल्या एपीआय ५७० मध्ये इंजेक्शन पॉइंटना स्वतंत्र वागणूक मिळाली. लाइनमध्ये बाहेरून पाणी किंवा रसायन सोडलं जातं, त्या जागेपासून दुसऱ्या वळणापर्यंत किंवा पहिल्या वळणापुढे ७.६ मीटरपर्यंत, यांतलं जे कमी तेवढा भाग बारकाईने तपासायचा, आणि जाडी तीन वर्षांत पुन्हा घ्यायची.

नियम आला, पण त्याला यादी लागते. इंग्लंडमधल्या हंबर रिफायनरीत १६ एप्रिल २००१ रोजी पाण्याच्या इंजेक्शनच्या लगेच पुढचा एल्बो फुटून मोठा स्फोट झाला, आणि ती जागा इंजेक्शन पॉइंटांच्या यादीत नव्हतीच. ईस्टरची सुट्टी होती, आसपास माणसं कमी होती, म्हणून जीव वाचले. जपानमधल्या मिहामा अणुवीज केंद्राला ते नशीब नव्हतं. तिथला पाइप १९७६ पासून चालू होता आणि फुटलेल्या जागी एकदाही तपासला गेला नव्हता, कारण तपासणीच्या यादीतून ती जागा सुटली होती. १० मिमीची भिंत सर्वांत पातळ ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली गेली होती. ९ ऑगस्ट २००४ रोजी ती फुटली तेव्हा काही दिवसांवर आलेल्या शटडाऊनच्या (तपासणीसाठी केंद्र बंद ठेवण्याच्या) तयारीसाठी माणसं तिथे काम करत होती. पाच जण गेले.

एल्बो सांभाळायचे हा धडा तोवर सगळ्यांनी गिरवला होता, आणि कॅलिफोर्नियातल्या रिचमंड रिफायनरीत ६ ऑगस्ट २०१२ रोजी फुटला तो सरळ तुकडा. लांबी अवघी ५२ इंच. गरम तेलातलं गंधक पोलाद खातं आणि पोलादात सिलिकॉन कमी असेल तर जास्त वेगाने खातं. ती लाइन १९७० च्या दशकातली. त्या काळी सरसकट वापरल्या जाणाऱ्या एका दर्जाच्या पाइपात सिलिकॉन किती असावं याची किमान अटच नव्हती. मोजणीचे पॉइंट होते ते एल्बो आणि फिटिंगांवर, जिथलं सिलिकॉन पुरेसं होतं. त्यामुळे आकडे बरे येत राहिले आणि शेजारचा तुकडा कागदासारखा होत गेला. तेलाच्या वाफेच्या ढगात सापडलेले १९ कर्मचारी कसेबसे निसटले, पण धुरामुळे सुमारे १५,००० रहिवासी डॉक्टरांकडे गेले. फिलाडेल्फियातल्या रिफायनरीत २१ जून २०१९ रोजी पुन्हा एल्बोच फुटला. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडच्या युनिटमधल्या त्या १९७३ च्या एल्बोत निकेल आणि तांबं जास्त होतं, म्हणून तो शेजाऱ्यांपेक्षा झपाट्याने झिजला. उरलेली भिंत ०.३ मिमी, क्रेडिट कार्डाच्या निम्मी. एकाच लाइनमधले दोन तुकडे एकाच गतीने झिजतील हा भरवसा इथे संपला.

बाहेरून लागणारा गंज हे आणखी वेगळं दुखणं. इन्सुलेशनखाली पाणी मुरलं की वरचं पत्र्याचं आवरण चकचकीत आणि आतला पाइप पापुद्र्यांचा, असं होतं. गंमत अशी की जाडी घेण्यासाठी इन्सुलेशनमध्ये कापलेल्या खिडक्या नीट बंद केल्या नाहीत तर पाणी तिथूनच शिरतं. सगळं इन्सुलेशन उतरवणं खर्चिक, म्हणून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये १९९० च्या दशकात पाइपाच्या लांबीने धावणाऱ्या ध्वनिलहरींवर काम झालं. पाइपाला एका जागी कडं बांधायचं आणि दोन्ही बाजूंना दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही पुढे चाचपायचं. त्यातून जाडीचा आकडा मिळत नाही. कुठे उघडून बघायचं ते कळतं.

२००० नंतर एपीआयने जोखमीवर आधारित तपासणीची पद्धत आणि गंजाच्या निरनिराळ्या प्रकारांची मार्गदर्शिका काढली. आधी इथे काय घडू शकतं ते ठरवा, मग यंत्र उचला, असा तो क्रम. आता पाइपवर कायमचे चिकटून बसणारे आणि वायरलेसने रोज जाडी कळवणारे सेन्सरही आहेत. ते कुठे बसवायचे, हे मात्र आजही कोणीतरी ड्रॉइंग समोर पसरून, एकेका वळणावर बोट ठेवत ठरवतं.